चालण्याचें औषध

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, नागपुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर पांढरकवडा हें गांव वसलेलें आहे. केळापूर तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. भोंवतीं काळी जमीन, तिच्यांत कापूस आणि तूर. थोडें पुढें गेलें कीं सागाचें व तेंदूचें रान, आणि रानाच्या कडेकडेनें कोलामांचे पोड. अशा मुलखांत माणसाची मिळकत त्याच्या पायांवर उभी असते. पेरणी, डवरणी, वेचणी, आठवड्याचा बाजार, तहशिलीची कचेरी, पुष्कळसें पायींच उरकावें लागतें. मोटारी आल्या, फटफट्या आल्या, तरी शेताच्या बांधावरून मोटार जात नाहीं.

अशा ठिकाणच्या एखाद्या पन्नाशी-साठीच्या माणसाला एक विलक्षण दुखणें जडतें. बसला असतां, निजला असतां त्याला कांहींच होत नाहीं. तो उठतो, चालूं लागतो, आणि शंभर-दोनशें पावलांवर पोटरींत गोळा येतो. जणूं कोणी आंतून पीळ घालीत आहे. तो उभा राहतो. दोन-चार मिनिटांत गोळा ओसरतो, पाय पहिल्यासारखा होतो. तो पुन्हां चालूं लागतो, आणि पुन्हां साधारण तितक्याच अंतरावर तेंच दुखणें त्याची वाट अडवितें. जर्मन लोकांनीं याला दुकानें पाहण्याचा रोग असें थट्टेचें नांव दिलें आहे. कारण शहरांतला रोगी रस्त्यांत मधूनमधून थांबतो, आणि लाजेखातर दुकानाच्या कांचेआडचा माल न्याहाळीत असल्याचा बहाणा करतो. पांढरकवड्याच्या शेतवाटेवर दुकान नाहीं. तेथला माणूस थांबला कीं बाभळीखालीं टेकतो आणि विडी शिलगावतो. त्या विडींत त्याच्या रोगाचें निदान निम्मेंअधिक सांपडतें, पण तें मागाहून.

घरचीं माणसें या दुखण्याला वात म्हणतात. तेल चोळून होतें, विटेनें शेकून होतें. आणि रक्त कमी पोंचणाऱ्या पायाला कडक शेक देणें धोक्याचें असतें, कातडी भाजली तरी लवकर समजत नाहीं व भाजलेलें लवकर भरत नाहीं. शेवटीं मुलगा किंवा सून मायेनें सांगते, बाबा, आतां तुम्ही चालूं नका, बसून राहा. हा सल्ला ऐकावयास गोड आहे. युरोपांतील मोठमोठे डॉक्टरहि दीर्घकाळ तोच देत असत. तो उलटा आहे हें वैद्यकशास्त्राच्या पुरतें ध्यानांत येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. आणि तीं वर्षें कशी गेलीं, तो वृत्तांत मोठा चमत्कारिक आहे.

आधीं रोगाचें मूळ पाहिलें पाहिजे. शरीरांत शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांस आपल्याकडील जुन्या शारीरशास्त्राच्या पुस्तकांत रोहिणी म्हणत. पोटांतून उतरलेली मोठी रोहिणी कमरेच्या वर दुभंगते. तिच्या शाखा मांडींतून गुडघ्यामागें आणि तेथून घोट्याकडे जातात. तंबाखूनें, मधुमेहानें, वाढलेल्या रक्तदाबानें आणि वयोमानानें या नळ्यांच्या आंतल्या अंगास मेदाचा थर बसतो, आणि मळ्याच्या पाटांत गाळ सांचावा तशी वाट अरुंद होते. स्वस्थ पडलेल्या पोटरीला थोडें रक्त पुरतें. तेवढें त्या अरुंद वाटेनेंहि येतें. चालत्या पोटरीला त्याच्या कितीतरी पट हवें असतें. तें मिळत नाहीं, म्हणून स्नायू कळ देतो. मणक्यांत नस दबल्यामुळेंहि चालतांना पाय दुखतात. पण त्या रोग्याला बसावें लागतें, निदान कमरेंत पुढें वाकावें लागतें, तेव्हां आराम पडतो. रक्ताच्या रोग्याला नुसतें उभें राहणें पुरतें. कुशल डॉक्टर एवढ्या एका प्रश्नावरून बरेंच ओळखतो. मग पायाच्या घोट्यामागें व पावलाच्या वरच्या बाजूस बोट ठेवून नाडी लागते कीं नाहीं तें पाहतो, आणि घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशीं ताडून खात्री करून घेतो.

पांढरकवड्याच्या इतिहासांत घोड्यांची एक धांव नमूद आहे. १८१८ च्या एप्रिलांत दुसरे बाजीराव पेशवे नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांस मिळण्याच्या आशेनें या बाजूला आले होते. जवळच सिवनी येथें कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेनें त्यांस गांठलें. पेशव्यांचें सैन्य मोडलें आणि स्वतः पेशवे घोड्यावर बसून निसटले. मराठी राज्याच्या अखेरच्या दौडींपैकीं ती एक. त्यानंतर १३ वर्षांनीं, १८३१ सालीं, पॅरिस येथें गाडीच्या एका घोडीची दौड थांबली, आणि त्या थांबण्यांतून या रोगाच्या इतिहासाला आरंभ झाला. बूले नांवाच्या अश्ववैद्यापुढें ही घोडी आली. उभी असतां ती निरोगी दिसे. पण थोडा वेळ दुडक्या चालीनें धांवली कीं मागचे पाय लंगडत, आणि विसावा मिळतांच पूर्ववत् होत. ती मेल्यावर बूले यानें तिचे पाय उघडून पाहिले तों मांडींतल्या रोहिण्या गांठींनीं बुजलेल्या आढळल्या. या लंगडण्याला त्यानें जें फ्रेंच नांव दिलें, त्याचा अर्थ राहून राहून लंगडणें असा होतो. लॅटिन भाषेंतील लंगडा या अर्थाचा शब्द त्याच्या मुळाशीं आहे, आणि रोमचा लंगडत चालणारा बादशहा क्लॉडियस याच्या नांवाशींहि त्याच शब्दाचें नातें जोडतात.

घोड्याचा रोग माणसालाहि होतो हें स्पष्ट मांडलें शार्को या फ्रेंच डॉक्टरानें, १८५८ सालीं. त्यापूर्वीं ब्रॉडी या इंग्रज शस्त्रवैद्यानेंहि असे रोगी पाहिले होते. शार्कोचा रोगी जुना शिपाई होता; पूर्वीं लागलेल्या गोळीमुळें त्याच्या कमरेजवळची रोहिणी बिघडून बंद झाली होती, आणि कांहीं मिनिटें चालला कीं त्याचा पाय जवाब देई. शार्को तेव्हां तरुण होता. मज्जातंतूंच्या रोगांवरील त्याची जगभरची कीर्ति पुढची आहे. पण पशुवैद्यानें लिहिलेला निबंध वाचून तो माणसाच्या खाटेशीं आठवणें, हें त्या वयांतहि त्याच्या बुद्धीचें लक्षण मानलें पाहिजे. माणसांचे डॉक्टर सहसा गुरांच्या डॉक्टरांचें लिखाण वाचीत नाहींत.

रोग ओळखला गेला, पण उपाय कोणता? येथें जर्मनींतील हायडेलबर्गच्या विल्हेल्म एर्ब याचें नांव येतें. १८९८ सालीं त्यानें या लंगडण्यावर विस्तृत निबंध लिहिला. रोग्यांत तंबाखू फार ओढणारे पुष्कळ आहेत हें त्यानें टिपलें. आणि चालण्याच्या व्यायामानें रोग्यांस गुण येतो ही नोंद पहिल्यानें करण्याचा मान त्यालाच देतात. म्हणजे आज जे दोन उपाय अग्रस्थानीं मानले जातात, त्या दोहोंची खूण एर्बच्या लिखाणांत सांपडते. तरी त्याच्या म्हणण्याचा व्हावा तसा परिणाम झाला नाहीं. कारण समजण्यासारखें आहे. ज्या अवयवाला रक्त पुरत नाहीं त्याच्याकडून अधिक काम घ्यावें, हें कोणालाहि अविचाराचें वाटणार. उपाशी बैलाला जुंपण्यासारखेंच तें दिसतें. डॉक्टरांची दया येथें रोग्याच्या आड आली.

पुढच्या अंकांत न्यूयॉर्कचा लिओ बर्गर येतो. १९०८ सालीं त्यानें ११ कापलेल्या पायांची तपासणी करून एका निराळ्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. हा रोग म्हाताऱ्यांचा नव्हे. तरुण, तंबाखू ओढणाऱ्या माणसांच्या हातापायांतील बारीक रोहिण्या आणि नीला सुजून गुठळ्यांनीं बंद पडतात, बोटें काळीं पडतात, आणि पाय थोडा थोडा करून कापावा लागतो. बर्गरच्या आधीं, १८७९ सालीं, फॉन विनिवार्टर यानें असा एक रोगी वर्णिला होता; पण रोगाला नांव बर्गरचें पडलें. भारतांत हा रोग विडी ओढणाऱ्या गरीब कष्टकऱ्यांत विशेष दिसतो, हें येथल्या शस्त्रवैद्यांनीं पुष्कळ वेळां नमूद केलें आहे. तिशी-पस्तिशींतला कर्ता पुरुष, आणि त्याचा पाय जातो.

बर्गरनें व्यायामाचा एक प्रकारहि सुचविला. रोग्यानें उताणें निजून पाय उंच टेकवावा, पाऊल पांढरें पडेपर्यंत. मग खाटेच्या कडेला बसून पाय खालीं सोडावा, पाऊल तांबूस होईपर्यंत. मग पाय आडवा ठेवून कांहीं मिनिटें विसावा घ्यावा. आणि हें चक्र दिवसांतून अनेक वेळां फिरवावें. बॉस्टनच्या आर्थर अ‍ॅलन यानें १९३० च्या सुमारास त्यांत सुधारणा केली, आणि बर्गर-अ‍ॅलन व्यायाम या नांवानें तो जगभरच्या रुग्णालयांत शिरला. कल्पना सुबक होती: नळी रिकामी करावी, पुन्हां भरावी, म्हणजे तिला वळण लागेल. रोग्याला कांहींतरी केल्याचें समाधान मिळे, परिचारिकेला वेळापत्रक मिळे. पुढें १९५० नंतर स्नायूंतून वाहणारें रक्त मोजण्याचीं साधनें हातीं आलीं, तेव्हां या व्यायामानें पोटरीचा रक्तपुरवठा वाढत असल्याचें दिसून आलें नाहीं. अद्यापि कांहीं ठिकाणीं तो शिकविला जातो. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला त्याचा थोडा उपयोग होत असेलहि. पण लंगडणाऱ्याचें चालणें वाढविण्याचें काम त्याच्याकडून अपेक्षूं नये.

दरम्यान कळ येते कशी याचाहि शोध चालला होता. लंडनच्या सर टॉमस ल्यूइस यानें १९३१ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह एक साधा प्रयोग केला. निरोगी माणसाच्या दंडाला पट्टा आंवळून रक्त थांबवावयाचें आणि त्याला मूठ सारखी उघडमीट करावयास लावावयाचें. थोड्याच वेळांत असह्य कळ येई. पट्टा सोडला कीं क्षणांत जाई. यावरून स्नायूंत कामामुळें कांहीं द्रव्य सांचतें व रक्तानें तें धुतलें न गेल्यास कळ येते, असें त्यानें ठरविलें. कळ म्हणजे स्नायूला झालेली कायमची इजा नव्हे, हा या प्रयोगाचा अर्थ. परंतु त्या काळच्या उपचारपद्धतींत तो अर्थ उतरला नाहीं. हळू चाला, कळ येण्यापूर्वींच थांबा, जोड्याची टांच उंच करून पोटरीचे श्रम वांचवा, अशाच सूचना रोग्यांस मिळत राहिल्या.

मग शस्त्रवैद्यांचें युग आलें. पोर्तुगालमधील दोस सांतोस यानें १९४७ सालीं बुजलेली रोहिणी उघडून आंतला थर खरवडून काढण्याची क्रिया यशस्वी करून दाखविली. १९४८ सालीं पॅरिस येथें कुनलीन यानें रोग्याचीच एक नीला घेऊन बंद पडलेल्या भागाला वळसा घालणारी नवी वाट जोडली. १९६४ सालीं अमेरिकेंत चार्ल्स डॉटर यानें चाकू न चालवितां, नळींतून नळी सारून अरुंद रोहिणी रुंद केली. हे पराक्रम खरे होते आणि त्यांनीं असंख्य पाय वांचविले. त्यांच्या तेजापुढें चालण्याचा सल्ला फिका दिसला तर नवल नाहीं. ज्या उपायाला यंत्र लागत नाहीं, ज्याची बाटली भरून विकतां येत नाहीं, आणि जो करतांना डॉक्टर हजरहि नसतो, त्याची बाजू घेणार कोण?

बाजू घेतली ती थोड्या लोकांनीं. न्यूयॉर्कच्या फोली या डॉक्टरानें १९५७ सालीं पाय काळवंडूं लागलेल्या रोग्यांनाहि चालविल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा आला १९६६ सालीं, कोपनहेगन येथून. लार्सन आणि लासेन या दोघांनीं १४ रोगी घेतले. ७ जणांना रोज नेमानें चालण्याचा व्यायाम दिला. ७ जणांना ज्यांत औषध नाहीं अशा गोळ्या दिल्या. सहा महिन्यांनीं पाहतात तों चालणाऱ्यांची मजल कितीतरी वाढलेली, आणि गोळ्या खाणारे होते तेथेंच. १४ माणसांचा तो लहानसा प्रयोग. पण तुलना नेटकी होती, आणि ‘द लॅन्सेट’सारख्या प्रतिष्ठित पत्रांत तो छापून आला. एर्बच्या निबंधाला तेव्हां ६८ वर्षें झालीं होतीं.

या प्रयोगांत एक कोडेंहि होतें. लासेन हा रक्ताचा प्रवाह मोजण्यांत निष्णात होता. व्यायाम करणाऱ्यांच्या पोटरींत त्यानें रक्त मोजलें, आणि तें फारसें वाढलेलें नव्हतें. मजल वाढली, रक्त वाढलें नाहीं. मग हें झालें कसें? जॉन हंटर या इंग्रज शस्त्रवैद्यानें अठराव्या शतकांतच हरणाच्या शिंगाकडे जाणारी रोहिणी बांधून दाखविलें होतें कीं मुख्य वाट बंद झाली तर आजूबाजूच्या बारीक वाटा मोठ्या होतात. व्यायामानें अशाच आडवाटा रुंदावत असतील, असा सर्वांचा समज होता. त्यांत थोडें तथ्य असेल. पण सारी गोष्ट तेवढ्यानें उलगडत नाहीं. पुढील संशोधनानें जें दाखविलें त्याचा इत्यर्थ असा कीं स्नायू स्वतःच बदलतो. मिळेल तेवढ्या रक्तांतील प्राणवायूचा तो अधिक चांगला उपयोग करूं लागतो. रोहिणीच्या आंतल्या अस्तराला वेळेवर सैलावण्याची शक्ति परत येते. आणि माणसाची चालण्याची ढब सुधारून तेवढ्याच अंतराला कमी श्रम पडतात. दुष्काळांत जी गृहिणी अर्ध्या पायलींत घर चालवावयास शिकते, तिच्या घरीं धान्य वाढलेलें नसतें. हात बदललेला असतो.

१९९५ सालीं गार्डनर आणि पोलमन यांनीं तोंवरचे २१ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. व्यायामापूर्वीं रोग्याला सरासरी १२६ मीटरवर कळ सुरू होई. व्यायामानंतर ती ३५१ मीटरवर सुरू होऊं लागली. अगदीं थांबावें लागण्याचें अंतर ३२६ मीटरांवरून ७२३ मीटरांवर गेलें. हे आकडे कागदावर कोरडे दिसतात. पांढरकवड्याच्या शेतकऱ्याच्या भाषेंत त्यांचा अर्थ असा, कीं जो माणूस घरापासून पारापर्यंतच जाऊं शकत होता तो आतां शेतावर जाऊन येतो. त्या हिशेबांतून व्यायामाचें मापहि निघालें: प्रत्येक वेळीं निदान अर्धा तास, आठवड्यांतून निदान तीन वेळां, निदान सहा महिने, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कळ सोसवेनाशी होऊं लागेपर्यंत चालणें, मग थांबणें, कळ गेली कीं पुन्हां चालणें.

आपल्याकडे चालण्याचा उपदेश नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाच्या निर्धन रोग्यास, भिक्षा मागून मुनीसारखें राहात शंभर योजनें किंवा त्याहून अधिक पायीं जाण्यास सांगितलें आहे. मधुमेहाचें आणि पायाच्या रोहिण्यांचें नातें आज ज्याला ठाऊक आहे त्याला हें वाचून कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं. मात्र त्याच उपदेशांत जोड्यावांचून जाण्यासहि सांगितलें आहे, आणि तेवढें आज कोणी ऐकूं नये. मधुमेह्याच्या बधिर पायाला कांटा लागलेला कळत नाहीं, आणि तेथूनच नासूर सुरू होतो. विसाव्या शतकांत वऱ्हाडांत व्यायामाची मोठी चळवळ झाली. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं पाया घातलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून आलें, ही गोष्ट वैदर्भीयांना अभिमानाची आहे. परंतु आखाड्याचें दार तरुण आणि धडधाकट देहाला उघडें होतें. दुखऱ्या पायाचा म्हातारा तेथें पाहुणा म्हणूनसुद्धां कोणाला सुचला नाहीं, आणि यांत आखाड्याचा दोष नाहीं. त्या काळीं तो कोठेंच कोणाला सुचत नव्हता. व्यायामोपचार म्हणजे फिजिओथेरपी ही विद्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत शिकविली जाऊं लागली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या पुढच्या दशकांत.

तंबाखूची गोष्ट मागें टाकून पुढें जातां येत नाहीं. १९८८ सालीं हाउस्ली या ब्रिटिश डॉक्टरानें या रोगाचा सारा उपचार पांच इंग्रजी शब्दांत सांगितला. त्यांत आज्ञा दोनच होत्या, धूम्रपान सोडणें आणि चालत राहणें. क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. यवतमाळच्या आणि चांद्याच्या रानांत उन्हाळ्यांत तेंदूची पानें खुडलीं जातात. पहांटे बायका-पुरुष रानांत शिरतात, दुपारीं अंगणांत पुडे बांधतात, आणि त्या चार-सहा आठवड्यांच्या मजुरीवर पावसाळ्याची तजवीज होते. पान गोंदिया-भंडाऱ्यासारख्या ठिकाणीं जातें आणि विडी होऊन त्याच खेड्यांत परत येतें. विडींत तंबाखू थोडी, म्हणून ती सौम्य असा समज आहे. तो खोटा आहे. तेंदूचें पान सहज जळत नाहीं, ती विझूं नये म्हणून वरचेवर झुरके घ्यावे लागतात, आणि धुरांतील विष सिगारेटीपेक्षां कमी पडत नाहीं. बर्गरच्या रोगांत तर तंबाखू पूर्ण सोडणें हाच मुख्य उपाय आहे; ती सोडली तर पाय राहण्याची पुष्कळ आशा असते, चालू ठेवली तर शस्त्रवैद्य हताश होतो. ज्या रानाच्या मजुरीवर घराची चूल पेटते त्याच रानाचें पान घरधन्याचा पाय नेतें, आणि या व्यवहारांत कोणाला काय सांगावें हें ठरविणें सोपें नाहीं. पान खुडणारीला पान खुडूं नको असें शहरांत बसून सांगण्याचा अधिकार कोणाला नाहीं. ओढणाऱ्याला मात्र सांगितलेंच पाहिजे.

अलीकडच्या काळांत चालण्याच्या उपायाची बरोबरी थेट शस्त्रक्रियेच्या जातीच्या उपायांशीं लावून पाहण्यांत आली. अमेरिकेंत १११ रोग्यांवर झालेल्या व २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत, कमरेजवळची रोहिणी अरुंद झालेल्यांपैकीं कांहींना नळींत जाळी बसविली, कांहींना देखरेखीखालीं चालण्याचा व्यायाम दिला, कांहींना नुसतीं औषधें. सहा महिन्यांनीं चालण्याचा जास्तींत जास्त वेळ औषधवाल्यांचा १.२ मिनिटांनीं वाढला, जाळीवाल्यांचा ३.७ मिनिटांनीं, आणि व्यायामवाल्यांचा ५.८ मिनिटांनीं. मनाला वाटणारा आराम मात्र जाळीवाल्यांनीं अधिक सांगितला, हेंहि लिहिलें पाहिजे. त्याच २०१२ सालीं ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनांत देखरेखीखालील व्यायाम हा पहिला उपाय म्हणून नमूद झाला: आठवड्यास दोन तास, तीन महिने. १९१७ सालीं कोणी हंसलें असतें असा खर्च १०० वर्षांनीं, २०१७ सालीं, अमेरिकेच्या वृद्धांच्या सरकारी विमा योजनेनें मान्य केला. १२ आठवड्यांत ३६ वेळां रोग्याला चालविण्याचा.

येथें पांढरकवड्याचा प्रश्न उभा राहतो. यवतमाळास १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण पांढरकवड्याहून तें सुमारें ७० किलोमीटर दूर. आठवड्यांतून तीन वेळां, बारा आठवडे, फिरत्या पट्ट्याच्या यंत्रावर चालण्यासाठीं बसनें जाऊन येणें मजुराला परवडणारें नाहीं. त्याची मजुरी बुडते ती निराळीच. ज्याला चालवत नाहीं त्याला चालण्याच्या औषधासाठीं परगांवीं पाठविणें हा तर विनोदच. म्हणून घरींच करावयाच्या व्यायामाचा अभ्यास अशा गांवांच्या दृष्टीनें मोलाचा आहे. शिकागो येथील मॅक्डर्मॉट यांच्या पथकानें २०१३ सालीं १९४ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्या रोग्यांनीं आठवड्यांतून एकदां एकत्र जमावयाचें, अडचणी बोलावयाच्या, पुढच्या आठवड्याचें उद्दिष्ट ठरवावयाचें, आणि चालावयाचें मात्र आपापल्या घराजवळ. सहा महिन्यांनीं सहा मिनिटांत कापलेलें त्यांचें अंतर सुमारें ४२ मीटरांनीं वाढलें. ज्यांना हा कार्यक्रम नव्हता त्यांचें ११ मीटरांनीं घटलें. आठवड्यांतून एकदां जमणें, हें तर ज्या गांवांत आठवडी बाजार आणि भजनी मंडळ आहे तेथें कोणाला नव्यानें शिकवावयास नको.

त्याच पथकानें २०२१ सालीं आणखी एक गोष्ट पुढें आणली, आणि ती घरच्या मायाळू माणसांनीं नीट ऐकण्यासारखी आहे. ३०५ रोग्यांपैकीं कांहींना कळ येणार नाहीं अशा संथ चालीनें, तर कांहींना कळ यावी अशा वेगानें चालावयास सांगितलें. वर्षानंतर वेगानें चालणाऱ्यांचें सहा मिनिटांचें अंतर सुमारें ३४ मीटरांनीं वाढलें. संथ चालणाऱ्यांना कांहींच लाभ झाला नाहीं. मुळींच व्यायाम न केलेल्यांहून ते फारसे निराळे ठरले नाहींत. म्हणजे टाळलेली कळ पायाच्या उपयोगीं पडत नाहीं, पत्करलेली पडते.

तथापि सर्व कळा सारख्या नव्हेत. रात्रीं अंथरुणांत पाय ठणकूं लागला, पाय खाटेखालीं लोंबता सोडल्यावांचून झोंप येईना, बोट काळें पडलें, किंवा पावलावरची जखम आठवडे लोटले तरी भरेना, तर चालण्याच्या व्यायामाची वेळ निघून गेलेली असते आणि त्या दिवशींच मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. एकाएकीं पाय थंडगार व पांढरा पडला तर दिवसाचाहि अवधि नसतो, तासांचा असतो. ज्याच्या पायांत हा रोग आहे त्याच्या हृदयाच्या रोहिण्याहि बहुधा निर्मळ नसतात. म्हणून व्यायामाला लागण्यापूर्वीं छातीची तपासणी करून घ्यावी, आणि रक्तदाब, मधुमेह व रक्तांतील मेद यांवरचीं औषधें चालण्यानें बरें वाटूं लागलें म्हणून सोडूं नयेत.

बाकी साहित्य थोडें लागतें. टांचेस घट्ट बसणारा, आंत खडा न शिरणारा जोडा. रोज रात्रीं कंदिलाजवळ किंवा दिव्याखालीं दोन्हीं तळपाय पाहणारें घरांतलें कोणीतरी. आणि सपाट रस्ता. पांढरकवड्याच्या रस्त्यावर मैलांचे दगड जाऊन किलोमीटरांचे आले, तरी विजेचे खांब आहेत आणि ते मोजतां येतात. पहिल्या आठवड्यांत रोगी तिसऱ्या खांबाशीं थांबतो. थांबल्यावर बसावयाचें नाहीं आणि खिशाकडे हात न्यावयाचा नाहीं. उभ्यानेंच कळ जाऊं द्यावयाची, आणि पुढच्या खांबाकडे निघावयाचें. अर्धा तास होईतों असेंच. घरीं आल्यावर नातवाच्या जुन्या वहींत तारीख आणि खांबांचा आकडा लिहून ठेवावयाचा. बहुतेकांच्या वहींत पहिले तीन-चार आठवडे आकडा हलत नाहीं, आणि पुष्कळ जण नेमके तेव्हांच सोडून देतात.